भांड्यांची लाकडी मांडणी दर पावसाळ्यात काळी पडते, डुगडुगते : बिघाड कुठे असतो आणि तो कायमचा कसा काढायचा

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात मांडणीवरची सगळी भांडी खाली उतरवली की खरा प्रकार दिसतो. खालच्या पट्ट्यांवर काळे-हिरवट ठिपके, भिंतीकडच्या पायाला बोट लावलं तर लाकूड ओलसर आणि मऊ, आणि रिकामी मांडणीसुद्धा नुसता हात लागला की डावी-उजवीकडे झुलते. मग ती गॅलरीत न्यायची, पुसायची, ऊन पडेल तेव्हा वाळवायची, दिवाळीच्या साफसफाईत पॉलिशचा एक हात मारायचा. मे महिन्यापर्यंत सगळं ठीक. पुढच्या श्रावणात पुन्हा तेच.

आमच्याकडे हे लागोपाठ तीन वर्षं झालं. आम्ही परळला राहतो. स्वयंपाकघर लहान, ओट्याच्या टोकाला मोरी आणि मोरीला लागूनच मांडणी. ती मी स्वतः केली होती, त्यामुळे जीव तुटायचा. पहिल्या वर्षी वाटलं, पाइनचं लाकूड स्वस्तातलं होतं, म्हणून झालं असेल. दुसऱ्या वर्षी खालच्या पट्ट्या काढून सागवानाच्या बसवल्या. त्यांतलीही एक काळी पडली. तेव्हा लक्षात आलं की लाकूड बदलून हा प्रश्न सुटणार नाही. पाणी नेमकं कुठे थांबतंय ते शोधायला हवं. त्यानंतर बहिणीची, खालच्या मजल्यावरच्या काकूंची, सासूबाईंच्या मैत्रिणीची अशा बऱ्याच मांडण्या उघडून पाहिल्या, दुरुस्त केल्या, दोन-तीन नव्याने उभ्या केल्या. ज्यांनी एकदा-दोनदा दुरुस्ती करून पाहिली आणि तरी तोच त्रास परत आला, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

आधी बिघाड नीट ओळखा

पॉलिशपेपर हातात घेण्याआधी मांडणी पूर्ण रिकामी करा आणि चार गोष्टी तपासा. त्यासाठी एक दाभण, मोजायची टेप, थोडा दोरा आणि कपडे धुण्याच्या ब्लीचचे दोन थेंब एवढंच लागतं.

काळे डाग बघा. सगळे काळे डाग बुरशीचे नसतात. खिळ्याच्या किंवा स्क्रूच्या भोवती निळसर-काळं वर्तुळ असेल तर ते बहुतेक लोखंडाचं आहे. सागवान, बाभूळ अशा लाकडात टॅनिन नावाचं तुरट द्रव्य असतं. ओल्या लाकडात लोखंड आणि टॅनिन एकत्र आले की शाईसारखा काळा रंग तयार होतो. ओळखायला सोपं आहे : डागावर ब्लीचचा एक थेंब टाका आणि दोन मिनिटं थांबा. डाग फिका पडला तर बुरशी, तसाच राहिला तर लोखंड किंवा मुरलेली घाण. थेंब टाकताना हातमोजे घाला आणि नंतर ती जागा पाण्याने पुसून घ्या. लोखंडाच्या डागासाठी बुरशीचे उपाय करत बसण्यात काही अर्थ नाही, खिळा बदलायला हवा.

मग दाभण घ्या. पायाच्या तळाशी, पट्टी जिथे आडव्या दांडीवर टेकते तिथे आणि सांध्यांवर टोचून बघा. चांगलं लाकूड दाभणाला अडवतं. दाभण चार-पाच मिलीमीटर सहज आत गेलं, तर ते लाकूड कुजलं आहे आणि त्यावर कोणतंही पॉलिश चालणार नाही. दाभण जात नाही पण लाकूड फुगलेलं दिसतं, तर ते नुसतं भिजलेलं आहे आणि वाचू शकतं.

डुगडुगण्याचेही दोन प्रकार आहेत, आणि त्यांची गल्लत फार होते. एका कोपऱ्यावर दाबलं की समोरचा पाय उचलला जातो, तर दोष जमिनीचा किंवा पायाच्या लांबीचा. जुन्या चाळींत शहाबादी फरशीला मोरीकडे उतार असतोच. पण चारही पाय जमिनीवर टेकलेले असताना वरचा भाग बाजूला झुलत असेल, तर चौकटच ढिली आहे. टेपने मागच्या बाजूचे दोन्ही कर्ण मोजा. दोघांत एका सुताहून (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जास्त फरक असला, तर चौकट काटकोनात राहिलेली नाही.

शेवटी प्रत्येक फळीच्या दोन टोकांना दोरा ताणून धरा. मधे किती झोक आहे ते लगेच दिसतं.

हवेचा दोष किती, पाण्याचा किती

मुंबईची दमट हवा हे आपलं ठरलेलं उत्तर असतं. ते अर्धंच खरं आहे. मोसमी पाऊस इथे सर्वसाधारणपणे ११ जूनच्या सुमारास पोचतो आणि ८ ऑक्टोबरच्या आसपास परततो. हे चार महिने हवेतली आर्द्रता बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वरच असते. लाकूड हवेतला ओलावा शोषतं आणि सोडतं, ते त्याचं कामच आहे. मी मांडणीतून उरलेला एक तुकडा कपाटावर ठेवून दिला होता. मे महिन्यात स्वयंपाकघराच्या काट्यावर तो ४०० ग्रॅम भरला, ऑगस्टमध्ये ४१९. पाण्याचा थेंब न लागता १९ ग्रॅम वजन नुसत्या हवेने वाढलं.

पण हवेतून लाकूड किती ओलं होऊ शकतं याला मर्यादा आहे. ८५ टक्के आर्द्रतेत लाकडातला ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या १८ टक्क्यांच्या आसपास थांबतो. वरवरची काळी-हिरवी बुरशी यायला एवढं पुरतं. लाकूड आतून कुजवणाऱ्या बुरशीला मात्र २० टक्क्यांच्या बराच वर ओलावा लागतो. ती जोर धरते ती २८-३० टक्क्यांच्या पुढे, आणि इतकं ओलं लाकूड फक्त पाण्याने होतं. म्हणून पुसलं की जाणारे ठिपके दिसले तर हवेचा विचार करा. दाभण आत गेलं तर मात्र समजा की त्या जागी पाणी साचतंय आणि सुकत नाहीये. ती जागा सापडेपर्यंत दुरुस्ती टिकणार नाही.

पाय : सगळ्यात जास्त मांडण्या इथेच जातात

लाकूड म्हणजे उभ्या बारीक नळ्यांची जुडी. पट्टीच्या सपाट बाजूने पाणी हळूहळू मुरतं, पण कापलेल्या तोंडातून ते नळीतून चढावं तसं वर चढतं. मांडणीच्या पायाचं कापलेलं तोंड नेमकं खाली, फरशीवर. रोजची लादी पुसणं, मोरीतलं उडणारं पाणी, भांड्यांतून निथळणारं पाणी, सगळं त्याच्या तोंडाशी येतं.

हे मला माहीत होतं, म्हणून मी पहिल्याच वर्षी पायांना रबरी बूट घातले. वाटीसारखे, पायावर घट्ट बसणारे. लाकूड फरशीला टेकतच नाही म्हटल्यावर काळजी मिटली असं समजले. तिसऱ्या वर्षी आमच्या इमारतीत दारं बसवायला आलेल्या सुतारकाकांना मांडणी दाखवली. पाय काळा पडलाय, सागवानाचाच पाय करून द्याल का, असं विचारलं. ते उकिडवे बसले, पायाकडे पाहिलं आणि म्हणाले, "पाय नंतर बघू ताई. आधी ते बूट काढा."

बूट पक्कडीने ओढून काढावा लागला. निघाला तेव्हा त्यातून चमचाभर काळं पाणी सांडलं आणि आंबलेला वास आला. पायाचं टोक भिजलेल्या बिस्किटासारखं झालं होतं, नख लावलं की सुटत होतं. दीड इंच वर मात्र लाकूड टणक, कोरडं, पिवळं. वरून पायावरून ओघळलेलं पाणी बुटाच्या कडेने आत गेलं होतं आणि त्याला बाहेर पडायला वाटच नव्हती. पाण्यापासून वाचवायला घातलेल्या वाटीतच तो पाय चार-चार महिने उभा होता.

त्यानंतर जिथे जिथे पाय कुजलेले पाहिले, तिथे दर वेळी बूट, प्लास्टिकची टोपी किंवा गुंडाळलेली पिशवी यांपैकी काहीतरी होतंच. म्हणून मांडणीच्या पायाला वाटीसारखं काहीही घालू नका.

दुरुस्ती अशी करा. दाभण अडेपर्यंतचा कुजका भाग आणि त्याच्या वरचा अर्धा इंच चारही पायांचा सारखाच कापून टाका. एक-दोन इंच उंची गेली तर काही बिघडत नाही. कापलेली तोंडं घरात पंख्याखाली दोन-तीन आठवडे सुकू द्या. इथे घाई करू नका, ओल्या लाकडावर काहीही लावलं तरी ते ओल आतच कोंडतं. सुकल्यावर दोन नळ्यांचं इपॉक्सी (दोन भाग एकत्र केल्यावर कडक होणारा गोंद) मिसळून कापलेल्या तोंडावर पातळ थर द्या. पहिला थर लाकूड पिऊन टाकतं, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा द्या. खालच्या चारही कडा पॉलिशपेपरने जरा गोल करा.

मग पायाखाली चकती. यासाठी मी भाजी चिरायचा जुना पांढरा प्लास्टिकचा पाट वापरते. तो पाणी शोषत नाही आणि करवतीने छान कापला जातो. तीन सूत जाडीचा, पायाच्या तोंडाहून चारी बाजूंनी एक-एक सूत लहान असा तुकडा कापायचा आणि मधोमध एका स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूने बसवायचा. स्क्रूच्या भोकातही आधी इपॉक्सीचा थेंब सोडा. चकती पायाहून लहान का, तर पायावरून आलेला थेंब कडेवरून सरळ जमिनीवर पडावा, चकती आणि लाकूड यांच्या फटीत शिरू नये. जमिनीच्या उतारामुळे पाय उचलला जात असेल, तर त्याच पाटाचा पातळ तुकडा त्या एका चकतीखाली वाढवा. कागद किंवा पुठ्ठ्याची घडी पायाखाली सरकवू नका, ती स्पंजासारखी पाणी धरते.

पट्ट्या आणि त्यांच्यामधल्या फटी

माझ्या पहिल्या मांडणीत तीन इंच रुंद पट्ट्या होत्या आणि दोन पट्ट्यांत एका सुताची फट. मे महिन्यात ती फट व्यवस्थित दिसायची. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, पण रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं. तीन इंची पाइनची पट्टी कोरडी असताना आणि चांगली भिजल्यावर मोजली, तर रुंदीत दोन मिलीमीटरचा फरक सहज पडतो. एक सूत म्हणजे जेमतेम तीन मिलीमीटर. उरलेल्या फटीत साबणाचा फेस, शिताचे कण आणि पाणी. बुरशीला आणखी काय लागतं?

आता मी पट्टी एक ते सव्वा इंचाहून रुंद घेत नाही आणि फट अर्धा इंच ठेवते. वाटी, फुलपात्र, तांब्या यांतलं काहीच त्यातून पडत नाही. चमचे-पळ्यांसाठी तशीही वेगळी बरणी असतेच. पट्टीची वरची बाजू सपाट ठेवू नका, रंध्याने किंवा पॉलिशपेपरने दोन्ही कडा गोल करा. सपाट पट्टीवर पालथ्या वाटीच्या काठाखाली पाण्याचं वर्तुळ रात्रभर राहतं, गोल पट्टीवरून ते ओघळून जातं.

याहून महत्त्वाची जागा डोळ्यांना दिसतच नाही : पट्टी जिथे आडव्या दांडीवर बसते तो एक इंचाचा चौकोन. दोन सपाट लाकडं एकमेकांवर दाबून बसवली की मधे गेलेलं पाणी बाहेर येत नाही. वरून पट्टी स्वच्छ, आणि स्क्रू काढून उचलली की खाली काळा चौकोन. मी प्रत्येक स्क्रूवर पट्टी आणि दांडी यांच्यामध्ये स्टेनलेसचा एक वॉशर घालते. दीड-दोन मिलीमीटरची फट राहते आणि तेवढ्यातून वारा जातो. माझ्या अनुभवात सगळ्यात कमी खर्चाचा आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडलेला बदल हाच. जुन्या मांडणीतही तो करता येतो, एका दुपारचं काम आहे.

खिळे-स्क्रू शक्यतो सगळे स्टेनलेस किंवा पितळी वापरा. मशीद बंदरजवळ नागदेवी स्ट्रीटला सुट्टे मिळतात. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत साधा लोखंडी खिळा लवकर गंजतो. गंज फुगतो, लाकडाला चीर पाडतो आणि त्या चिरेतून पुन्हा पाणी शिरतं. आधीच पडलेला लोखंडाचा काळा डाग काढायचाच असेल तर ऑक्झॅलिक ॲसिडचं पाणी लावतात. पण ते विषारी आहे. मोजे घालून लावा, दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुवा आणि पूर्ण सुकल्याशिवाय त्यावर भांडी ठेवू नका. माझं मत विचाराल तर डाग राहू द्या, खिळा बदला.

भांडी आधी टोपलीत निथळवावीत, मग मांडणीवर ठेवावीत, असं सगळेच सांगतात. ते बरोबरच आहे. पण पाच माणसांच्या घरात रात्री साडेदहाला भांडी घासून झाल्यावर ती ओलीच मांडणीवर जातात. मांडणी ओल्या भांड्यांसाठीच आहे असं धरून ती बनवावी, म्हणजे घरातल्या कुणाला बोलायची वेळ येत नाही. सगळ्यात खाली एक स्टीलचा ट्रे ठेवा, निथळलेलं पाणी त्यात जमतं. सकाळी चहा ठेवताना तो मोरीत रिकामा करायचा.

भिंत

मांडणी भिंतीला चिकटवून ठेवायची आपली सवय जागेमुळे आहे. बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत एक-एक इंच मोजावा लागतो, हे मला कळतं. तरी मागे एक इंच सोडाच. वरच्या दांडीच्या मागे दोन लाकडी ठोकळे लावले की मांडणी सरकून भिंतीला लागत नाही.

मांडणी फक्त मागच्या बाजूने काळी पडत असेल, तर भिंतीतच ओल आहे का ते तपासा. हातभर प्लास्टिकचा कागद भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवसांनी बघा. कागदाच्या आतल्या बाजूला, भिंतीकडे, थेंब दिसले तर ओल भिंतीतून येते आहे. बहुतेक वेळा पलीकडे न्हाणीघर असतं किंवा बाहेरून पाइप गेलेला असतो. थेंब बाहेरच्या बाजूला असतील तर ती हवेतली ओल. काकूंकडे दोनदा पट्ट्या बदलून झाल्यावर ही तपासणी केली, आणि शेवटी दुरुस्ती झाली ती न्हाणीघराच्या नळाची. मांडणीत काही दोषच नव्हता.

डुगडुग

चार काठ्या खिळ्यांनी जोडून चौकोन करा आणि बाजूने ढकला. तो सहज कलतो. त्यात एक तिरकी काठी ठोका, मग हलवून बघा. घरी केलेल्या बहुतेक मांडण्यांत ही तिरकी काठीच नसते. सगळा भार सांध्यांतल्या स्क्रूंवर येतो, पावसाळ्यात लाकूड फुगतं, हिवाळ्यात आकसतं आणि दर वर्षी स्क्रूचं भोक थोडं मोठं होतं. मग आपण स्क्रू पिळत राहतो.

मांडणी जमिनीवर आडवी पालथी घाला. दोन्ही कर्ण सारखे येईपर्यंत चौकट ढकलून सरळ करा. मग मागून एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दीड इंच रुंद, तीन-चार सूत जाड पट्टी तिरकी लावा. प्रत्येक टोकाला दोन स्क्रू, आणि मधल्या दांड्यांना ती जिथे ओलांडते तिथे एकेक. मागे पूर्ण प्लायवूड ठोकलं तरी मांडणी ताठ होते, पण वारा बंद होतो, म्हणून मी ते टाळते. प्लाय लावायचंच असेल तर साधं एमआर (फक्त दमटपणा सोसणारं) नको, पाण्यात टिकणारं, आयएस ७१० चा शिक्का असलेलं घ्या.

दुसरं कारण सांध्यात असतं. आडव्या दांडीच्या कापलेल्या तोंडात, म्हणजे रेषांच्या दिशेने घुसलेला स्क्रू नीट धरत नाही, त्याचे आटे लाकडाच्या तंतूंना कापत जातात. खाचेत कुसू (दांडीच्या टोकाला कोरलेली जीभ) बसवून केलेला सांधा सगळ्यात चांगला. पण ते पटाशीचं काम ज्यांना जमत नाही त्यांनी दांडी पायाच्या आत न बसवता पायाच्या बाजूला लावावी आणि सहा मिलीमीटरचा नट-बोल्ट आरपार घालावा. दोन्हीकडे मोठे वॉशर. पावसाळ्यात ढिलं वाटलं तर पाना फिरवला की झालं. गोंद लावणार असाल तर पाण्यात टिकणारा घ्या. साधा पांढरा गोंद सतत ओलाव्यात पकड सोडतो.

फळी मधे वाकणं

याचं उत्तर लांबीत आणि जाडीत आहे. तेवढंच वजन ठेवून फळीची लांबी दीडपट केली तर झोक सव्वातीनपटीहून जास्त वाढतो. उलट, जाडी पाऊण इंचावरून एक इंच केली तर झोक निम्म्याहून कमी होतो. आमच्याकडचं स्टीलचं एक ताट ३५० ग्रॅमचं आहे, बारा ताटांची चळत चार किलोंच्या वर जाते, त्यात परात आणि कुकर. पाऊण इंची पट्ट्या असतील तर दोन आधारांत अडीच फुटांहून जास्त अंतर ठेवू नका. मांडणी रुंद असेल तर मधे खालून एक आडवी दांडी आणि तिला एक पाय द्या. वाकलेल्या पट्ट्या उलट्या करून बसवल्या तरी चालतात. जड भांडी खालच्या फळीवर.

लाकूड आणि पॉलिश

माझी सागवानाची एक पट्टी काळी का पडली, ते मला फार उशिरा कळलं. बाकीच्या चार सोनेरी-तपकिरी होत्या, ती एक पांढरट. सागाचा टिकाऊपणा त्याच्या गाभ्यात असतो. सालीकडच्या पांढरट भागात तो नसतो, तो पाइनसारखाच सडतो. रे रोड-मुस्तफा बाजार भागात सागवान घ्यायला गेलात तर प्रत्येक पट्टी उजेडात फिरवून चारही बाजूंनी बघा आणि पांढरी कड असलेली बाजूला काढा. पाडलेल्या जुन्या इमारतींच्या दार-खिडक्यांचा सागवान मिळाला तर उत्तम, तो वर्षानुवर्षं सुकलेला असतो. मात्र रंगवलेला घेऊ नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि तो घासताना उडणारी धूळ स्वयंपाकघरात अजिबात नको.

पॅकिंगच्या पेट्यांचं पाइन स्वस्त पडतं. त्यावरचा शिक्का वाचा : एचटी म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेलं, ते चालेल. एमबी म्हणजे मिथिल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते भांड्यांजवळ नको. आणि एचटी लाकूड पुढे बुरशीला दाद देत नाही असं मुळीच नाही, पाइनचं ते पाइनच.

पॉलिशबद्दल माझं मत ठाम आहे. चकचकीत मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश भांड्यांच्या मांडणीला लावू नका. नवं असताना सुंदर दिसतं, पण स्टीलच्या काठाने त्याला ओरखडे पडतात. ओरखड्यातून पाणी आत जातं आणि वरचा थर ते सुकू देत नाही. थराखाली काळं पडलं की सगळं खरवडून काढावं लागतं. मी उकळलेलं अळशीचं तेल लावते, अगदी पातळ, फडक्याने, दोन-तीन हात, आणि जास्तीचं लगेच पुसून घेते. ते हवेत घट्ट होतं आणि दर वर्षी नुसता एक हात वरून देता येतो. सासूबाईंच्या सांगण्यावरून एकदा खोबरेल लावलं होतं. खोबरेल लाकडात कधीच घट्ट होत नाही, चिकट राहतं, धूळ धरतं. तेल लावायचं ते फेब्रुवारी ते मेमध्ये. जुलैत लावलेलं तेल आठवडाभर ओलंच राहतं. वास पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे निदान तीन आठवडे, मांडणी वापरू नका.

एक गोष्ट कृपा करून विसरू नका. अळशीच्या तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. तेल घट्ट होताना उष्णता निघते आणि बोळा झालेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. ते दोरीवर पसरून कडकडीत वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

आज बुरशी आली आहे, पाऊस चालू आहे, तर

मांडणी उघडून दुरुस्त करायला आत्ता हवा योग्य नाही. आत्ता फक्त आवरतं घ्या. भांडी काढा, कोरड्या ब्रशने बुरशी झाडू नका, ती उडून दुसरीकडे बसते. भांड्यांच्या साबणाच्या पाण्यात फडकं पिळून पुसा, मग पांढरं व्हिनेगर लावून अर्धा तास ठेवा, पुन्हा ओल्या फडक्याने आणि शेवटी कोरड्याने पुसा. ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र वापरू नका, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. ब्लीचने थेंबाची परीक्षा केली असेल तर ती जागा आधी नीट धुऊन घ्या आणि व्हिनेगर दुसऱ्या दिवशी लावा. मांडणी भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, पायाचे बूट काढून टाका आणि रात्रभर टेबलफॅन तिच्या खालच्या भागाकडे तोंड करून लावा. उन्हाची तिरीप आली म्हणून ओली मांडणी एकदम कडक उन्हात ठेवू नका, पट्ट्या पिळतात आणि चिरतात.

पाय कापणं, वॉशर, तिरकी पट्टी, तेल ही कामं दिवाळीनंतर काढा. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये लाकूड पुरेसं सुकतं, जोडकाम तेव्हा करा, तेल फेब्रुवारीत. एकाच रविवारी सगळं उरकायला गेलं की ओल्या लाकडावर इपॉक्सी बसतं आणि पुढच्या ऑगस्टला पुन्हा तोच पाय हातात येतो.

आमची मांडणी या पद्धतीने उभी केल्याला आता दोन पावसाळे झाले. परवा भांडी उतरवली तेव्हा मोरीकडच्या पायाला चारही बाजूंनी दाभण लावून पाहिलं. कुठेच आत गेलं नाही. सर्वांत खालच्या पट्टीवर परातीच्या काठाखाली बोटभर काळपट डाग आहे, फडक्याने पुसल्यावर गेला. तिथे फट अर्ध्या इंचाऐवजी तीनच सूत राहिली आहे असं मोजल्यावर दिसलं. दिवाळीनंतर ती पट्टी एक सूत सरकवून बसवणार आहे.